फर व्यापारातल्या सुऱ्या आणि आजच्या जाडजूड नकला

बर्फाळ_बगळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चाकू-सुऱ्यांवर इथे आधी धागे येऊन गेलेत पण ते सगळे स्विस नाइफ नाहीतर किचन सेट छाप. हा जरा वेगळा विषय आहे. उत्तर अमेरिकेत फर व्यापाराच्या काळात युरोपियन कंपन्या बीव्हर नावाच्या केसाळ प्राण्याच्या कातड्यांच्या बदल्यात तिथल्या मूळ रहिवाशांना ज्या सुऱ्या देत त्या, ट्रेड नाइफ म्हणतात त्यांना, आणि आज त्यांच्या ज्या नकला विकल्या जातात त्या.

मी कॅनडात थंडर बे ला राहतो. इथे फोर्ट विल्यम पुन्हा बांधून ठेवलाय, नॉर्थ वेस्ट कंपनीचं आतल्या मुलुखातलं मोठं ठाणं. नाव फोर्ट असलं तरी खरं तर वखारच. आपल्याकडून पाहुणे आले की त्यांना तिथे नेणं हे माझं ठरलेलं काम, आणि तिथे सुरी दिसली की प्रत्येक जण एकच विचारतो, हीच का ती माणसाच्या डोक्याची कातडी काढायची सुरी.

तर थोडं बॅकग्राउंड. फर व्यापारातली दुसरी मोठी कंपनी म्हणजे इंग्रजांची हडसन्स बे कंपनी, तिला सनद मिळाली २ मे १६७० ला. बीव्हरच्या अंगावरच्या आतल्या बारीक लोकरीचं फेल्ट (लोकर दाबून केलेलं जाड कापड) व्हायचं आणि त्या फेल्टच्या हॅट अख्ख्या युरोपात चालायच्या. कंपनीचा हिशोब पौंडात नाही तर 'मेड बीव्हर' मध्ये, म्हणजे एका उत्तम मोठ्या बीव्हरचं कातडं हे एक एकक. बंदुकीला अशी दहाच्या वर कातडी लागायची, सुऱ्या मात्र एका कातड्यात एकाहून जास्त मिळायच्या. हे लक्षात घ्या कारण माझा सगळा मुद्दा त्यावर आहे. ही स्वस्त वस्तू होती, डझनाच्या आणि ग्रोसच्या (बारा डझनांच्या) हिशोबाने पेटीत भरून यायची. यादीत ब्लँकेटं, पितळी किटल्या, टोचे, चकमकीचं पोलाद, मणी आणि त्याच रांगेत 'स्काल्पिंग नाइव्ह्ज', म्हणजे डोक्याची कातडी काढायच्या सुऱ्या. नाव भयंकर आहे पण वस्तू म्हणजे साधी खाटकी वळणाची सुरी, सहा-सात इंची पातं, पाठ सरळ, पातळ, मूठ बॉक्सवुडची किंवा बीचची, कधी लाल रंगवलेली. मांस कापणं, मासे साफ करणं, कातडं सोलणं, चामड्याची वादी काढणं ही तिची रोजची कामं.

आता आजच्या नकला बघा. ऑनलाइन 'फ्रंटियर स्काल्पर' शोधलं तर जे येतं ते पाच-सहा मिलिमीटर जाडीचं, हातोड्याचे ठोके मुद्दाम ठेवलेलं, काळं केलेलं, मुठीला शिंग आणि पितळ आणि वर चामड्याची झालर. हातात घेतलं तर पहारच. मूळ सुरी पाठीला मुठीजवळ साधारण तीन मिलिमीटर आणि टोकाकडे निमुळती होत जाते. म्युझियममध्ये खरी बघितली की पहिली प्रतिक्रिया 'एवढीशीच?' अशी येते. माझं म्हणणं असं की नकला करणारे लोक सुरीची नक्कल करत नाहीत, सिनेमाची करतात. तुम्हाला काय वाटतं?

टिकलीफोड

धागा भारी आहे पण नाव स्काल्पिंग नाइफ आणि तिने स्काल्पिंग करत नव्हते, हे जरा सारवासारव वाटतंय राव.

बर्फाळ_बगळा

नव्हते असं मी म्हटलेलंच नाही. जी सुरी कमरेला असेल तीच वापरली जाणार ना. पण ही प्रथा फक्त 'रानटी' लोकांची हे जे चित्र आहे ते अर्धवट आहे. वसाहतीची सरकारं स्वतः बक्षीस लावायची. १७५५ साली मॅसॅच्युसेट्सच्या स्पेन्सर फिप्सने पेनॉब्स्कॉट लोकांविरुद्ध जाहीरनामा काढला, त्यात पुरुष, बाया आणि पोरं यांच्यासाठी वेगवेगळे दर होते. सरकारी छापील कागद आहे तो. पुढे अमेरिकन क्रांतीच्या वेळी डेट्रॉइटचा ब्रिटिश अधिकारी हेन्री हॅमिल्टन याला शत्रूने 'केस विकत घेणारा' असंच नाव पाडलं होतं. तो आरोप कितपत खरा यावर इतिहासकार अजून भांडतायत, पण १७७९ मध्ये व्हिन्सेन्सला तो पकडला गेला तेव्हा या नावामुळे त्याला साध्या युद्धकैद्यासारखं वागवलं नाही, बेड्या घालून व्हर्जिनियात कोठडीत टाकला.

तरी पेट्यांमधून आलेल्या हजारो सुऱ्यांपैकी बहुतेकींनी आयुष्यभर मांस आणि मासेच कापले.

पोलादी_पोपट

ओहायोहून. माझ्या गॅरेजमध्ये छोटी गॅसची भट्टी आहे, वीकेंडला ठोकाठोकी चालते, बायको त्याला तिसरं अपत्य म्हणते. जाडीबद्दल बगळेभाऊ म्हणतात ते शंभर टक्के खरं पण त्याला फक्त सिनेमा कारण नाही, कारण भट्टीत आहे.

पातळ आणि लांब पातं पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक करताना, वाकतं. १०८४ नावाचं पोलाद घेतलं तर साधारण ८१५ डिग्री सेल्सियसला न्यायचं आणि कोमट तेलात बुडवायचं, त्या दोन-चार सेकंदात दोन्ही बाजू सारख्या थंड झाल्या नाहीत की पातं केळ्यासारखं वळतं, सरळ पाठीच्या सुरीत तर लगेच डोळ्यात भरतं. मग लोक काय करतात, जाड ठेवतात, जाड पातं वाकत नाही आणि वाकलं तर घासून सरळ करायला माल शिल्लक असतो. शेफिल्डचे कारागीर पाणी देऊन झाल्यावर मोठ्या ओल्या सहाणेवर घासून पातळ करायचे आणि वाकलेलं पातं हातोडीने सरळ करणं हे तिथे रोजचंच काम होतं. गॅरेजवाल्याकडे ना ती सहाण ना तो हात.

दुसरं कारण गिऱ्हाईक. आजचा गिऱ्हाईक सुरी घेऊन जंगलात जातो आणि तिच्यावर लाकूड ठोकून ओंडका फोडतो आणि यूट्यूबवर टाकतो. मूळ सुरीवर असं केलं तर टोक जाईल नाहीतर मूठ फुटेल, कारण ती त्यासाठी नव्हतीच. ओंडक्याला कुऱ्हाड होती ना बाबांनो, ती पण त्याच कंपनीच्या यादीत होती!! पण आज सुरी तुटली की रिटर्न येतो आणि एक स्टार, म्हणून बनवणारा जाडीच ठेवतो.

मंजुळा_पाटणकर_नाही

ओंडका फोडणारे व्हिडिओ 😂 अगदी अगदी. मला एक कळलं नाही, मूठ कशी बसवायचे? आपल्या सुरीला दोन्ही बाजूंनी दोन फळ्या आणि मध्ये पातं, तसंच का?

पोलादी_पोपट

नाही, गंमत इथेच आहे. ब्रिटिश स्काल्परमध्ये मूठ अखंड एका लाकडाची. तिच्यात करवतीने एक खाच मारायची, पात्याची शेपटी अर्ध्या मुठीपर्यंतच येते (टँग म्हणतात, इथे अर्धा टँग), ती खाचेत सरकवायची आणि आडवे लोखंडी खिळे मारायचे. पोलाद वाचतं, वेळ वाचतो, वजन कमी. कॅनोमध्ये एकेक गठ्ठा ९० पौंडांचा असायचा आणि वाटेत धबधबा आला की कॅनोवाले असे दोन गठ्ठे पाठीवर टाकून चालायचे, तेव्हा कमी वजन म्हणजे साधी बाब नाही.

नकलेत सोपी चूक पकडायची असेल तर रिव्हेट बघा. चकचकीत पितळेच्या मोठ्या गोल टोप्या असतील तर ते एकोणिसाव्या शतकातलं आणि त्यानंतरच्या किचन सुरीचं तंत्र. १७६० ची सुरी म्हणून विकत असतील तर हात जोडून पुढे जा.

सदाशिव_ते_सिएटल

सगळं ठीक आहे पण मूळ गोष्ट बोला ना. चार आण्याची सुरी देऊन लाखाचं कातडं लुटलं. सुरी पातळ का जाड यावर चर्चा म्हणजे चोराच्या चपलेचं कौतुक.

बर्फाळ_बगळा

चोराच्या चपलेचं कौतुक हे आवडलं :) पण पूर्ण पटलं नाही. कंपनीने नफा ओरपला, दारू ओतली, तिच्या मार्गांवरून रोगराई पसरली, १७८१-८२ च्या देवीच्या साथीत क्री आणि इतर मूळ रहिवाशांच्या वस्त्याच्या वस्त्या गेल्या. यात वाद नाही.

पण 'भोळ्या लोकांना भंगार देऊन फसवलं' हे मात्र कागदपत्रात बसत नाही. हडसन्स बे कंपनीचे कागद विनिपेगला आहेत, १९७४ मध्ये लंडनहून आणलेत. त्यात वखारींमधून लंडनला गेलेली पत्रं आहेत आणि त्यात सारखी तक्रार, गिऱ्हाईक अमुक माल घेत नाही, किटल्या जड आहेत, बंदुका थंडीत फुटतात, सुऱ्यांचं पोलाद चांगलं नाही, आधीसारख्याच पाठवा. कारण गिऱ्हाइकाकडे पर्याय होता, फ्रेंच लोक दक्षिणेला दुकान मांडून बसले होते, सुरी आवडली नाही की माणूस कॅनो वळवून तिकडे जायचा. फ्रेंचांच्या सुऱ्याही खपायच्या, बुशरोन म्हणून एक प्रकार, शिवाय जांबेत नावाची घडीची. त्यातल्या पुष्कळ सेंत-एतियन भागात बनायच्या आणि पात्यावर कारागिराचं नाव ठोकलेलं असायचं. मिशिगनमध्ये फोर्ट मिशिलिमॅकिनॅकला १९५९ पासून दर उन्हाळ्यात उत्खनन चालू आहे, तिथे अशी नावं असलेली पाती निघालीत.

आणि वस्तू घेतल्यावर लोक तिचं स्वतःचं काहीतरी करत. म्यानावर साळिंदराचे काटे, मणी, पितळी टाचण्या. काही पाती बिनमुठीची विकली जात आणि मूठ घरी बसवली जाई, ब्लॅकफूट वगैरे लोकांत अस्वलाच्या जबड्याची मूठ केलेल्या सुऱ्यासुद्धा आहेत, पण ती साधी वापरायची वस्तू नव्हे, तिचे विधी आहेत, त्यामुळे तिची नक्कल करून हॅलोवीनला मिरवणं मला तरी बरोबर वाटत नाही.

सदाशिव_ते_सिएटल

हम्म. गिऱ्हाईक चोखंदळ होतं हे मान्य. लूट होती यावर मी ठाम.

जुनाबाजार_रविवारी

मला फर व्यापारातलं ओ की ठो कळत नाही पण शेफिल्ड म्हटलं की कान टवकारतात. आमच्या आजोबांकडे रॉजर्सचा घडीचा चाकू होता, पात्यावर शेफिल्ड आणि एक चांदणी आणि एक क्रॉस. आजोबा तो फक्त आंबा कापायला काढायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्याच शेफिल्डहून तिकडे कॅनडात सुऱ्या जायच्या का?

बर्फाळ_बगळा

तेच शेफिल्ड! चांदणी आणि माल्टीज क्रॉस ही जोसेफ रॉजर्सची खूण, १७६४ पासून त्यांच्या नावावर. शेफिल्डमध्ये खुणांचा हिशोब ठेवणारी कारागिरांची कंपनी १६२४ ची आहे. त्यामुळे आज जमिनीतून गंजकं पातं निघालं आणि खूण वाचता आली तर कुणी बनवलं, साधारण कधी बनवलं हे कळू शकतं. फर व्यापारात आय. विल्सन हे नाव खूप भेटतं, सायकॅमोर स्ट्रीट, शेफिल्ड, चौकट आणि ठिपके अशी खूण. खाटकी सुऱ्यांसाठी प्रसिद्ध होते.

आणि एक गोष्ट जी कुठल्याच नकलेच्या जाहिरातीत नसते. इतकी स्वस्त सुरी परवडायची कशी? शेफिल्डमध्ये एक जण घडवणार, दुसरा घासणार, तिसरा मूठ बसवणार, सगळे भाड्याच्या छोट्या खोल्यांत, मालक म्हणजे सुद्धा दोन-चार माणसांचाच. घासणारे लोक दगडाच्या चाकावर ओणवे बसायचे आणि धूळ थेट फुप्फुसात. कोरडं घासणाऱ्यांचं सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षं आणि ओलं घासणारे क्वचित ४५ च्या पुढे जातात, असं मार्क्सचा साथीदार एंगल्स याने १८४५ मध्ये नोंदवलंय. त्यामुळे सदाशिवभाऊ, तुमच्या लुटीच्या यादीत शेफिल्डचे घासणारेही घाला.

सदाशिव_ते_सिएटल

घातले.

मिझुरीतली_मिरची

मी कॅन्सस सिटीला. आमच्याकडे स्टीमबोट अरेबियाचं म्युझियम आहे, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी नक्की पहा. ही बोट ५ सप्टेंबर १८५६ ला मिझुरी नदीत बुडाली, अक्रोडाच्या झाडाचा ओंडका पाण्याखाली होता त्याला धडकली. नंतर नदीने पात्र बदललं आणि १९८७ मध्ये ती सापडली कुठे तर मक्याच्या शेतात, ४५ फूट खाली! गावोगावच्या दुकानांसाठी चाललेला माल, जवळपास २०० टन, चिखलात हवा नसल्यामुळे टिकला. बूट, कपबशा, लोणच्याच्या बाटल्या, हार्डवेअर. हे बघितलं की कळतं की 'फ्रंटियर' वरचा माणूस म्हणजे कातडी कपडे घालून एकटा फिरणारा हिरो नव्हता, दुकानातून उधारीवर वस्तू नेणारा संसारी माणूस होता.

पण माझा प्रश्न ग्रीन रिव्हर सुरीबद्दल. इथल्या प्रत्येक गिफ्ट शॉपमध्ये 'माउंटन मॅनची सुरी' (म्हणजे रॉकी पर्वतात फासे लावून फरसाठी शिकार करणाऱ्यांची) म्हणून ग्रीन रिव्हर असते. खरं आहे का ते?

बर्फाळ_बगळा

अर्धं खरं. ग्रीन रिव्हर म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रीनफील्डची नदी, तिच्या काठी जॉन रसेलने १८३४ मध्ये कारखाना टाकला. सुरुवात पटाशांनी, सुऱ्या नंतर. पाण्याच्या शक्तीवर चालणारे घण लावले, शेफिल्डहून कारागीर जास्त पगारावर फोडून आणले. माल चांगला होता यात शंका नाही.

पण रॉकी पर्वतातल्या फासेपारध्यांचे ते प्रसिद्ध मेळे, रॉन्देव्हू, भरले १८२५ ते १८४० मध्ये. म्हणजे त्यांची अर्धी वर्षं संपली तेव्हा कारखाना उघडत होता. त्या काळातल्या बहुतेक सुऱ्या इंग्लंडच्याच. ग्रीन रिव्हर खरी गाजली नंतर, म्हशींसारख्या बायसनच्या शिकारीच्या आणि घोडागाड्यांच्या काळात. गिफ्ट शॉपवाल्यांना मात्र 'नंतर' हा शब्द परवडत नाही. बाकी कंपनीची वंशावळ आजही चालू आहे, १९३३ मध्ये हॅरिंग्टन कटलरीत विलीन झाली आणि आज डेक्स्टर-रसेल म्हणून खाटकांना आणि हॉटेलवाल्यांना सुऱ्या विकते. आणि माझ्या मते ट्रेड नाइफची आजची सगळ्यात खरी वारस फ्रंटियर नाव लावलेली कुठलीही नक्कल नाही, हीच हॉटेलच्या भटारखान्यातली साधी सुरी आहे. पातळ, स्वस्त, डझनाने घेतली जाणारी.

पोलादी_पोपट

+१. मी तर म्हणतो नक्कल पाहिजे असेल तर जुनी हाय कार्बन किचन सुरी घ्या, प्लास्टिकची मूठ काढून लाकडाची बसवा, झालं काम.

टिकलीफोड

मी भावाच्या पोरासाठी एक ऑनलाइन मागवली होती, 'हँड फोर्ज्ड' लिहिलेलं. आली तेव्हा पात्यावर आधीच गंज, आणि तो गंज 'अँटिक फिनिश' आहे असं सेलरचं म्हणणं. मूठ दुसऱ्या आठवड्यात हलायला लागली. परत घेतली नाही. यापेक्षा आपला गावचा लोहार काय वाईट.

जुनाबाजार_रविवारी

अँटिक फिनिश 😂 आमच्या जुन्या बाजारातही हेच, चिंचेच्या पाण्यात घालून चार दिवस ठेवतात मग 'पेशवेकालीन'.

पोलादी_पोपट

तिकडे व्हिनेगर आणि मोहरीची पेस्ट, तत्त्व एकच. व्हिनेगरमधून काढलेल्या पात्याचा करडा रंग एकसारखा दिसतो. खऱ्या जुन्याला खड्डे खोल आणि वेडेवाकडे असतात, पातं वारंवार धार लावून अरुंद झालेलं असतं, मुठीजवळ रुंद आणि पुढे खाल्ल्यासारखं. खरं तर धडक्या अवस्थेतली जुनी ट्रेड नाइफ मिळणंच कठीण, कारण लोकांनी ती संपेपर्यंत वापरली. म्हणून चांगले कारागीर नकलेवर स्वतःची खूण ठोकतात, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणी ती खरी म्हणून विकू नये. ज्याच्या नकलेवर स्वतःची खूण नाही आणि 'एच बी सी' (हडसन्स बे कंपनी) मात्र ठोकलेलं आहे त्याच्यापासून लांब राहा. बाकी आपल्याकडेही नकला बनतात हां, देहरादूनच्या विंडलास स्टीलक्राफ्ट्सचा तलवारी-खंजिरांच्या नकलांचा धंदा जगभर आहे, अमेरिकेतली म्युझियम रेप्लिकाज त्यांचीच.

मंजुळा_पाटणकर_नाही

एचबीसी वरून आठवलं, ते हडसन्स बे चं मॉलमधलं दुकान तेच का हो? आम्ही टोरांटोत असताना तिथून ब्लँकेट घेतलेलं.

बर्फाळ_बगळा

तेच. फरच्या वखारीपासून मॉलपर्यंत आली आणि १ जून २०२५ ला शेवटची दुकानं बंद झाली. नाव आणि ते चार रंगी पट्टे कॅनेडियन टायरने घेतले. ब्लँकेट जपून ठेवा.

वेताळटेकडी

उशिरा आलो. भारतात आणायची असेल तर कायदा काय म्हणतो? एअरपोर्टवर धरतील का?

टिकलीफोड

हँड बॅगेत टाकलीस तर धरतीलच ना बाबा.

बर्फाळ_बगळा

चेक-इन बॅगेत, म्यानात, कागदात गुंडाळून. आर्म्स ॲक्टखालच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, घरगुती आणि शेतीच्या कामाच्या सोडून. साधी स्काल्पर दोन्ही मापांत आत बसते. डॅग नावाचा दुधारी प्रकार आहे, बीव्हर टेल म्हणतात, मोठं शंकरपाळ्याच्या आकाराचं पातं, तो मात्र आणू नका, ते खंजीरच दिसतं आणि कस्टमवाल्याला फर व्यापार समजावत बसावं लागेल.

वेताळटेकडी

धन्यवाद. आणि वाकड्या पात्याची एक सुरी फोटोत पाहिली, ती पण ट्रेड नाइफ का?

बर्फाळ_बगळा

अरे हो, ती राहिलीच! क्रूकेड नाइफ, क्री लोक मोकोटागन म्हणतात. माझी सगळ्यात आवडती. पातं टोकाला वळलेलं, मूठ अंगठा टेकवायला तिरकी, आणि वापरताना स्वतःकडे ओढायची. दुसरा हात लाकूड धरायला मोकळा. बर्च सालीच्या कॅनोच्या फासळ्या, वल्ही, बर्फातल्या बुटांच्या चौकटी सगळं या एका सुरीने. आधी लोकांनी झिजलेल्या कानशी आणि जुनी पाती वाकवून स्वतः बनवल्या, मग मागणी बघून कंपनीनेच तशी पाती विकायला आणली. म्हणजे इथे गिऱ्हाइकाने डिझाइन दिलं आणि कंपनीने नक्कल केली.

वेताळटेकडी

मग मी जुन्या कानशीची करून बघतो. पोपटराव, कशी करायची?

पोलादी_पोपट

आधी कानस कुठली ते बघ. आजच्या स्वस्त कानशी कधीकधी वरून कडक आणि आत मऊ लोखंड असतात, त्यांची सुरी होत नाही. जुनी चांगल्या कंपनीची घे. एक कोपरा तोडून बघ, आतपर्यंत बारीक राखाडी दाणा दिसला तर ठीक. डोळ्यावर गॉगल हवाच, तुकडा उडतो. लाल करून राखेत रात्रभर गार होऊ दे, मग मऊ होते, तेव्हा दात पूर्ण घासून काढ, एक जरी राहिला तर पाणी देताना तिथूनच तडा जातो. आकार दे, वळव, चुंबक चिकटायचं थांबलं की त्याच्या थोडं वर नेऊन तेलात. तेलातून काढल्यावर लगेच ओव्हनमध्ये २०० डिग्रीला दोन तास, गार कर, परत दोन तास. आणि ओव्हन घरच्यांना विचारून घे, तेलाचा वास पुढचे दोन केक सोडत नाही.

वेताळटेकडी

ओव्हन नाही, ओटीजी आहे. चालेल?

पोलादी_पोपट

चालेल, पण त्यांचे काटे खोटं बोलतात. आत वेगळा थर्मामीटर ठेव. पातं गव्हाळ-पिवळं झालं पाहिजे, निळं झालं तर जास्त तापलं, परत पाणी द्यावं लागेल. फोटो टाक इथे.